मदत करताना मनात काय असतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, मदत समितीचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. भायखळा-परळ पट्ट्यातली काही घरं, टाटा आणि केईएमला गावाहून आलेल्या पेशंटचे नातेवाईक, महिन्याचं रेशन, जूनमधली शाळेची फी, असं ते काम. लोक मला तांदळाच्या भावाबद्दल फारसं विचारत नाहीत. विचारतात ते स्वतःच्या मनाबद्दल. उपासना संपल्यावर जिन्यात गाठून, बायबल अभ्यास आटोपल्यावर, कधी रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर. विचारणारे प्रॉटेस्टंटही असतात, कॅथलिकही. तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून ते विचारणाऱ्यांच्याच शब्दांत लिहून काढले आहेत.

१. मदत करताना मनात थोडा जरी स्वार्थ असला, तर ती मदत देवापुढे फुकट जाते का?

ज्याला मिळाली त्याच्यासाठी तर ती मुळीच फुकट जात नाही. डाळ कोणत्या हेतूने दिली यावर तिचं शिजणं अवलंबून नसतं.

येशूचा प्रेषित पौल तुरुंगात असताना काही जण निव्वळ हेव्यादाव्याने, त्याला आणखी त्रास व्हावा म्हणून, ख्रिस्ताची घोषणा करत फिरत होते. फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात पौल म्हणतो की बहाण्याने असो वा खरेपणाने असो, घोषणा होते आहे ना, मग मला आनंद आहे. हाच पौल करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१ करिंथ १३) मात्र म्हणतो की मी माझी सगळी मालमत्ता अन्नदानासाठी दिली, पण माझ्या ठायी प्रीती नसली, तर मला काही लाभ नाही. त्यातल्या ‘मला’ या शब्दावर बोट ठेवा. जेवणाऱ्याचं पोट भरलंच. कोरडा राहिला तो वाढणारा.

म्हणून मी सांगते, हेतू तपासायचा जरूर, पण समोरच्याला ताटकळत ठेवून नाही. आधी पिशवी पोचवा. मन साफ होईपर्यंत थांबीन म्हणणारा माणूस बहुतेक वेळा घरीच बसून राहतो. (तपासायचं कधी आणि कसं, यासाठी प्रश्न १६ पाहा.)

२. मदत केली की मला खूप बरं वाटतं. म्हणजे शेवटी मी ते माझ्यासाठीच करते ना?

बरं वाटणं हे देण्याचं फळ आहे. घेण्यापेक्षा देण्यात जास्त धन्यता आहे हे प्रभू येशूचे शब्द पौलाने इफिसच्या मंडळीच्या वडीलजनांना आठवून दिले (प्रेषितांची कृत्ये २०:३५), आणि संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो असं करिंथकरांना लिहिलं. देताना आनंद होऊच नये, अशी अपेक्षा पवित्र शास्त्र कुठेच करत नाही. लेकराला भरवताना आईला सुख वाटतं म्हणून तिला कुणी स्वार्थी म्हणत नाही.

गडबड होते ती त्या बरं वाटण्यावरून माणसं निवडायला लागलो की. नाताळात गोंडस मुलांच्या आश्रमाबाहेर केक घेऊन रांग लागते. त्याच गल्लीत दारू पिऊन पायाला जखम झालेला म्हातारा पडलेला असतो, त्याला वास येतो, तो शिव्या देतो, त्याच्याकडून बरं वाटण्यासारखं काही मिळत नाही. माझा अनुभव सांगते. डिसेंबरात केक उरतात आणि जूनमध्ये वह्या कमी पडतात. आपला आनंद कुणाला वगळतो आहे, एवढं पाहत राहा.

३. एकीकडे ‘डाव्या हाताला कळू नये’ आणि दुसरीकडे ‘तुमचा उजेड लोकांसमोर पडू द्या’. दोन्ही येशूनेच सांगितलं. मग पाळायचं कोणतं?

दोन्ही वचनं डोंगरावरच्या प्रवचनातलीच आहेत, मत्तयाच्या शुभवर्तमानात एक ५:१६ आणि दुसरं ६:३. दोन्हींचा पूर्ण संदर्भ वाचला की पेच सुटतो. पाचव्या अध्यायात लोक सत्कर्मं पाहतात आणि स्वर्गातल्या पित्याचा गौरव करतात. सहाव्यात माणूस आपल्याला लोकांनी पाहावं म्हणून दान करतो आणि पुढे कर्णा वाजवतो. नजर कुठे जाऊन थांबते, हा फरक आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. ‘या हाताचं त्या हाताला कळू नये’ हे मराठीत आपण रोज म्हणतो आणि अर्थ घेतो की इतरांना कळू नये. पण डावा हात शेजाऱ्याचा नाही, माझाच आहे. म्हणजे स्वतःच्या मनातही त्या दानाची वही ठेवू नये, असं ते वचन मागतं. लोकांपासून लपवणं त्या मानाने सोपं. मनातल्या मनात ‘मी त्यांना तीन वर्षं फी दिली’ हे मोजणं थांबवणं महाकठीण.

सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेची एक रीत मला यासाठी फार आवडते. फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या सोबत्यांनी १८३३ मध्ये पॅरिसमध्ये ती सुरू केली, आणि आज मुंबईतल्या कॅथलिक चर्चमध्येही तिच्या शाखा आहेत. सभेत सभासदांमध्ये एक थैली फिरते. प्रत्येकाची मूठ मिटलेली आत जाते आणि उघडी होऊन बाहेर येते. कुणी पाचशेची नोट टाकली, कुणी दहाचं नाणं आणि कुणाच्या मुठीत त्या आठवड्यात काहीच नव्हतं, हे शेजारच्यालाही कळत नाही. आमच्या समितीत मी पूर्वी वर्गणीची यादी वाचून दाखवायचे. ते बंद केलं.

४. मदत वाटतानाचे फोटो ग्रुपवर टाकावेत का? देणगीदार पुरावा मागतात.

पुरावा मागणं चूक नाही. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना पौलाने मुद्दाम सोबत माणसं घेतली. एवढ्या मोठ्या रकमेबाबत कुणी बोट दाखवू नये, प्रभूच्याच नाही तर माणसांच्या दृष्टीनेही व्यवहार चोख असावा, असं त्याने लिहून ठेवलं आहे (२ करिंथ ८:२०-२१). तेव्हा हिशेब द्यायचाच. आम्ही दुकानाचं बिल, किती किलो काय घेतलं, किती घरांना दिलं, हे सगळं देतो. चेहरे देत नाही.

असं का, ते सांगते. डिलाईल रोडच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही रेशन घेऊन गेलो होतो. पाच किलो तांदूळ, दोन किलो तूरडाळ, तेलाची पिशवी, साखर, चहापत्ती. त्या बाई दारात आल्या आणि दोन्ही हातांनी पिशवी धरली. आमच्यातल्या एका तरुणाने फोन वर केला. त्यांना पदर तोंडावर घ्यायचा होता, पण हात मोकळे नव्हते. एक हात सोडला तशी पिशवी कलंडली आणि डाळीचं पुडकं घरंगळत कठड्यापाशी गेलं. त्यांच्या सात-आठ वर्षांच्या मुलाने ते उचललं. आणि त्या क्षणी मी काय म्हणाले? “ताई, जरा इकडे बघा.” मदतीची गरज त्यांना होती, फोटोची आम्हाला. त्या फोटोची किंमत मात्र त्यांनी मोजली.

देणगीदार फोटोवरच अडून बसला, तर त्याला घेऊन त्या घरी जा, हातात फोन न घेता. तो तयार नसेल तर देणगीही राहू द्या.

५. देणगीदारांच्या नावाच्या पाट्या लावाव्यात का?

दिवंगत आईवडिलांच्या स्मरणार्थ बाक दिला आणि त्यावर नाव घातलं, यात मला वावगं वाटत नाही, तो शोकाचा आणि उपकारस्मरणाचा भाग आहे. पण पाटीच्या मापावरून देणगीचा आकडा ठरू लागला की काम बिघडतं. हनन्या आणि सप्पीरा यांची गोष्ट (प्रेषितांची कृत्ये ५) इथे नीट वाचावी. जमिनीचे थोडे पैसे मागे ठेवले हा त्यांचा दोष नव्हता. जमीन तुझीच होती आणि विकल्यावर पैसेही तुझ्याच ताब्यात होते, असं प्रेषित पेत्र स्वतः म्हणतो. अर्धवट देऊन पूर्ण दिल्याचा मान त्यांना हवा होता.

६. करसवलत मिळते म्हणून देणगी दिली तर?

द्या आणि सवलतही घ्या. ८०जी म्हणून ओळखली जाणारी वजावट जुन्या करप्रणालीत मिळते, आणि दोन हजारांपेक्षा जास्त रक्कम रोख दिली तर मिळत नाही. म्हणून चेकने किंवा ऑनलाइन द्या आणि पावती मागून घ्या. सवलतीतून वाचलेले पैसे पुढच्या घराला दिलेत तर उत्तमच.

७. स्वर्गात प्रतिफळ मिळेल म्हणून मदत केली तर तोही व्यवहारच झाला की.

हा प्रश्न शतकानुशतकं ख्रिस्ती लोकांना छळत आला आहे, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट, प्रतिफळाची भाषा आपण मागून आणलेली नाही. गुप्तपणे देणाऱ्याला गुप्तपणे पाहणारा पिता प्रतिफळ देईल असं येशूच म्हणतो. लूक १४ मध्ये तो सांगतो की मेजवानीला श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नका, ते उलट आमंत्रण देऊन फेड करतील. गरीब, लंगडे, आंधळे यांना बोलवा, त्यांच्याकडे फेडायला काही नाही, फेड पुनरुत्थानाच्या वेळी होईल.

बाराव्या शतकातला क्लेअरव्हॉचा बर्नार्ड देवावरच्या प्रेमाच्या चार पायऱ्या सांगतो. माणूस आधी स्वतःवर स्वतःसाठी प्रेम करतो. मग देवावर, पण स्वतःसाठी. मग देवावर देवासाठी. आणि शेवटी स्वतःवरसुद्धा देवासाठी. मला यात मोठा दिलासा वाटतो, कारण खालच्या पायरीवरच्या माणसाला तो हाकलत नाही. तिथूनच तर वर जायचं असतं.

पुढे फ्रान्समध्ये फेनेलाँ या आर्चबिशपने इतक्या शुद्ध प्रेमाची शिकवण मांडली, की आत्म्याने स्वतःच्या तारणाचीसुद्धा ओढ ठेवू नये. १६९९ मध्ये पोपने त्याची काही विधानं अमान्य केली आणि त्याने तो निर्णय स्वीकारला. ख्रिस्तसभेने इथे फार समजुतीची भूमिका घेतली असं मला वाटतं. आशा हा सद्गुण आहे. देवाच्या घरी पोचावं असं वाटणं हा स्वार्थ असेल, तर तो मुलाने घरी परत येण्याचा स्वार्थ आहे.

व्यवहार केव्हा होतो? समोरचा माणूस शिडीची पायरी झाला की. त्याची तहान भागो की न भागो, माझं पुण्य जमा झालं, असं वाटायला लागलं तर समजा की त्याच्यावर पाय देऊन आपण वर चढतो आहोत.

८. तारण कृपेने होतं, कृत्यांनी नाही. मग मदत केली काय आणि न केली काय?

इफिसकरांच्या पत्रातली (इफिस २) कृपेने तारण सांगणारी आठवी आणि नववी ओवी पाठ असते, दहावी राहून जाते. सत्कृत्यं करण्यासाठीच आपली निर्मिती ख्रिस्तामध्ये झाली, असं तिथे लिहिलं आहे. तारण मिळवायचं ओझं खांद्यावरून उतरलं, म्हणून हात मोकळे झाले.

९. आजारी मुलासाठी माउंट मेरीला नवस बोललो होतो की बरा झाला तर शंभर जणांना जेवण घालीन. हे देवाशी सौदा करणं आहे का?

वांद्र्याची सप्टेंबरातली जत्रा आणि माहीमची बुधवारची नोव्हेना प्रार्थना यांत बोललेल्या नवसांबद्दल मला सगळ्यात जास्त प्रश्न कॅथलिक मैत्रिणींकडून येतात. मी दुसऱ्या परंपरेतली, त्यामुळे माझं मत जपून सांगते. आजारी लेकराच्या उशाशी बसून बापाने जे बोललं, त्याला सौदा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जुन्या करारातल्या हन्नानेही मुलासाठी मंदिरात रडत नवस केला होता आणि शमुवेल झाल्यावर तो फेडला.

शब्द दिला आहे तर जेवण घाला. फक्त त्या शंभर जणांना नवसाचा आकडा समजू नका. केईएमच्या बाहेर कुणाचं लेकरू अजून बरं झालेलं नाही, त्याच्या शेजारी दहा मिनिटं बसा. आणि मूल बरं झालं नसतं तरी भुकेल्याचा हक्क तेवढाच राहिला असता, हे लक्षात असू द्या.

१०. पाळक आणि मिशनचे लोक पगार घेतात. मग त्यांची सेवा निःस्वार्थ कशी?

कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे, असं येशूने म्हटलं आहे. पौल तंबू शिवून स्वतःचा खर्च भागवायचा, पण इतरांनी घेऊ नये असं त्याने म्हटलं नाही. आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला. तो त्यांचा निर्णय होता. त्याची फूटपट्टी करून प्रत्येक पाळकाला, त्यातही चार पोरांच्या बापाला, मोजू नये.

११. माझ्या मदतीमुळे समोरचा ख्रिस्ताकडे यावा असं मला मनापासून वाटतं. हा हेतू लपवावा का?

लपवू नका, आणि अटही घालू नका. या दोन टोकांमध्येच वाट आहे.

या मुंबईतच त्याचा धडा आहे. पंडिता रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये चौपाटीवर शारदा सदन उघडलं. विधवांना शिक्षण द्यायचं, धर्माच्या बाबतीत सक्ती करायची नाही, हे त्यांचं वचन होतं. रमाबाई स्वतः बाप्तिस्मा घेतलेल्या, त्यांची प्रार्थना दार उघडं ठेवून चालायची आणि काही मुली तिथे जाऊन बसायच्या. सदन पुण्याला गेल्यावर १८९३ मध्ये याच प्रार्थनेवरून वादळ उठलं. केसरीने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक मुलींना घरच्यांनी काढून नेलं. रमाबाईंवर पुष्कळ अन्याय झाला असं मी मानते. ज्या विधवांकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं, त्यांना त्यांनी उभं केलं. गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, याच सदनात शिकल्या आणि हिंदूच राहिल्या. पण मदत घेणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर मुलींच्या वडिलांची भीती खोटी नव्हती. मुलगी जिच्या घरात जेवते, तिच्या देवाला नाही म्हणणं तिला कितपत सोपं जाईल? पुढे १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाईंनी शेकडो मुलींना वाचवलं, तेव्हा केडगावचं मुक्ती सदन ख्रिस्ती असल्याचं उघड होतं. त्यात आडपडदा उरला नव्हता.

आम्ही रेशनच्या पिशवीत पत्रिका घालत नाही. कुणी विचारलं की तुम्ही हे का करता, तर खरं ते सांगतो. प्रार्थना हवी का असं विचारलं आणि नको म्हणाले, तर पुढच्या महिन्याची पिशवी तेवढ्याच वजनाची जाते. येशूने बऱ्या केलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी नऊ जण आभार मानायला परत फिरले नाहीत. येशूला त्याचं वाईट वाटलं, पण त्यांचं बरं होणं त्याने काढून घेतलं नाही.

१२. सकाळच्या घाईत प्लॅटफॉर्मवर एक माणूस पडलेला दिसला. लेट मार्क आणि पोलिसांच्या भानगडीच्या भीतीने मी थांबलो नाही. मी स्वार्थी आहे का?

तुम्ही घाईत होता. ही सबब नाही, पण कारण म्हणून ते समजून घ्यायला हवं.

अमेरिकेत प्रिन्सटनच्या धर्मशिक्षण संस्थेतल्या चाळीस विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला होता, तो १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना एका इमारतीतून दुसरीकडे भाषण द्यायला पाठवलं, आणि वाटेत दारात एक माणूस कण्हत, खोकत बसवून ठेवला. ज्यांना भरपूर वेळ आहे असं सांगितलं होतं, त्यांतले ६३ टक्के थांबले. उशीर झाला आहे असं ज्यांना सांगितलं, त्यांतले फक्त १० टक्के. यांतले काही जण तर चांगल्या शोमरोन्याच्या (गुड समॅरिटनच्या), म्हणजे वाटेत पडलेल्या जखमीला मदत करणाऱ्या परक्याच्या, दाखल्यावरच बोलायला निघाले होते! थांबण्या-न थांबण्यावर भाषणाच्या विषयाने फारसा फरक पडला नाही. मुंबईत आपण सगळेच रोज त्या ‘उशीर झाला आहे’ गटात असतो. म्हणून मनाला दोष देत बसण्यापेक्षा दहा मिनिटं आधी निघा. हा मी अगदी आध्यात्मिक सल्ला म्हणून देते.

पोलिसांची भीती आता बरीचशी अनाठायी आहे. रस्त्यावरच्या वाहन अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने कलम १३४ए खाली संरक्षण दिलं आहे. नाव सांगायची सक्ती होत नाही. त्या कायद्यातलं नावच ‘गुड समॅरिटन’ आहे, आणि व्याख्येत अट घातली आहे की मदत चांगल्या हेतूने, आपखुशीने आणि बक्षिसाची अपेक्षा न ठेवता केलेली हवी. येशूचा दाखला भारताच्या कायद्यात असा येऊन बसला आहे. पुढे २०२१ मध्ये केंद्राने गंभीर जखमीला वेळेत दवाखान्यात नेणाऱ्याला बक्षीसही सुरू केलं, तेव्हा ते पाच हजारांचं होतं, २०२५ मध्ये पंचवीस हजार झालं. ते घ्यावं का, असंही मला विचारलं गेलं आहे. अपेक्षा न ठेवता नेलंत आणि मागाहून मिळालं, तर खुशाल घ्या.

आणि दाखला पुन्हा वाचा. शोमरोन्याने तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, दुसऱ्या दिवशी दोन दीनार दिले आणि तो आपल्या वाटेने गेला. प्रवास त्याने रद्द केला नाही, योग्य हातांत सोपवून तो निघाला. स्टेशनवर असाल तर १३९ लावा, रस्त्यावर असाल तर १०८. कुणी येईपर्यंत त्या माणसाजवळ थांबा. मग पुढची गाडी पकडा.

१३. सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. सगळं करते, पण प्रेम वाटत नाही, कधी कधी तर रागच येतो. देवाला असली सेवा चालते का?

ताई, चालते.

मत्तय २१ मध्ये दोन मुलांची गोष्ट आहे. बापाने द्राक्षमळ्यात जा म्हटल्यावर एक नाही म्हणाला आणि नंतर गेला. दुसरा ‘जातो’ म्हणाला आणि गेलाच नाही. बापाची इच्छा पहिल्याने पूर्ण केली. तुम्ही रोज पहाटे मनात ‘नाही’ म्हणता आणि तरी उठून कपडे बदलता, कूस वळवता, पाठीला पावडर लावता. १ करिंथ १३ मध्ये प्रीतीचं वर्णन पाहा, तिथे ‘गोड वाटतं’ असं काही नाही. सहनशील आहे, परोपकारी आहे, चिडत नाही, सगळं सोसते, अशी सगळी करण्याची आणि टिकण्याची क्रियापदं आहेत. त्यातलं ‘चिडत नाही’ तुम्हाला जमत नाही, मान्य. थकलेल्या माणसाला चीड येते.

तेव्हा नवऱ्याला आणि नणंदेला आठवड्यातले दोन दिवस वाटून द्या. ही सेवा एकट्या सुनेनेच करावी असं पवित्र शास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही. प्रश्न १५ही वाचा.

१४. ज्याच्यासाठी एवढं केलं तो आता ओळखही दाखवत नाही. वाईट वाटतं, हे चूक का?

वाईट वाटणं चूक नाही, येशूलाही वाटलं (प्रश्न ११ पाहा). पण कधी कधी ओळख न दाखवण्यामागे वेगळंच असतं. तुम्हाला पाहिलं की त्याला स्वतःचे सगळ्यात वाईट दिवस आठवतात. तेव्हा त्याला मोकळं सोडा.

१५. ‘नाही’ म्हटलं की अपराधी वाटतं. थकलेल्या माणसाने नकार देणं हा स्वार्थ आहे का?

कफर्णहूमात येशू उतरला होता त्या घराच्या दाराशी सगळं गाव जमलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच येशू उठून एकांतात प्रार्थनेला गेला. त्याचा शिष्य शिमोन शोधत आला की सगळे तुला शोधत आहेत. येशूने म्हटलं, आपण आसपासच्या दुसऱ्या गावांत जाऊ (मार्क १). दाराशी आलेल्या प्रत्येक माणसाला तो भेटला नाही.

गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात ‘एकमेकांची ओझी वाहा’ आणि तीनच ओव्यांनंतर ‘प्रत्येकाने आपापला भार वाहावा’, अशी दोन्ही वाक्यं आहेत. दुसऱ्याचा रोजचा भार कायमचा आपण उचलला, तर त्याचेही पाय लुळे पडतात.

एक गोष्ट सांगते, ती थोडी बोचेल. नाही म्हणता न येण्यामागे पुष्कळदा प्रेम कमी आणि ‘मी नसले तर होणारच नाही’ ही भावना जास्त असते. मला डेंग्यू झाला तेव्हा तीन आठवडे समितीचं काम माझ्यावाचून चाललं आणि एकाही घरचं रेशन चुकलं नाही. देवाने माझ्यावर केलेला तो उपकारच होता.

१६. हेतू तपासायचा म्हणता, पण कसा? मन स्वतःलाच फसवतं.

फसवतं, म्हणून मनाला विचारू नका, वागणुकीला विचारा. माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला श्रेय मिळालं तर मी त्या कामात राहीन का? त्या घरी मी काय दिलं ते मला आठवतं, पण मुलाचं नाव आठवतं का? माझ्या सल्ल्याविरुद्ध त्यांनी पैसे खर्चले, तर मदत आखडती घेते का? आणि आपल्याच सोयीची मदत देते का? जुने कपडे आपल्याला घरातून काढून टाकायचे असतात, त्यांना औषध हवं असतं.

तपासायची वेळ काम झाल्यावरची. रात्री प्रार्थनेत दोन मिनिटं पुरतात, कॅथलिक असाल तर कबुलीसंस्काराची सोयही आहे. त्याहून जास्त उकरत बसलात तर पुन्हा स्वतःकडेच पाहत राहाल. मत्तय २५ मधली मेंढरं, म्हणजे भुकेल्यांना खायला घालणारे नीतिमान लोक, न्यायाच्या दिवशी गोंधळून विचारतात, प्रभू, आम्ही तुला भुकेला केव्हा पाहिला? त्यांच्या लक्षातच नव्हतं.

१७. एखादा पुढारी किंवा बिल्डर स्वतःच्या फायद्यासाठी पैसे देत असेल तर घ्यावेत का?

देणाऱ्याच्या मनात डोकावायचा अधिकार आपल्याला नाही, त्याच्या अटी वाचायचा आहे. शिमोन जादूगाराने पैसे पुढे केले ते अधिकार विकत घेण्यासाठी, आणि पेत्राने ते तिथल्या तिथे नाकारले (प्रेषितांची कृत्ये ८). बॅनर लागणार असेल, भाषण होणार असेल, वस्तीतल्या लोकांच्या सह्या मागितल्या जाणार असतील, तर आम्ही घेत नाही. निवडणुकीच्या तोंडावर तर कुणाकडूनच घेत नाही. बाकी वेळी पावती फाडून घेतो आणि हिशेब देतो.

उलट बाजूही विसरू नका. बेथानीत मरियेने सुगंधी तेल ओतलं तेव्हा तीनशे दीनारांना विकून गरिबांना का दिलं नाही, असं यहूदा म्हणाला. एका मजुराची जवळपास वर्षाची कमाई ती. बोलणं किती रास्त वाटतं! आणि तो थैलीतले पैसे चोरत होता, असं योहान सांगतो. गरिबांच्या नावाने आपण समितीत जे भांडतो, त्यालाही ही कसोटी लावावी.

१८. पूर्वी मी दिखाव्यासाठीच मदत केली. आता काय करू?

फोटो काढून टाका. कुणाला दुखावलं असेल आणि तो भेटण्यासारखा असेल, तर जाऊन माफी मागा, गाजावाजा न करता. मदत बंद करू नका, कारण ती ज्याला हवी आहे त्याची गरज तुमच्या पश्चात्तापाने भागत नाही.

डिलाईल रोडच्या त्या घरी मी पुढच्या महिन्यात एकटी गेले, फोन पर्समध्ये ठेवून. दारातच म्हणाले, “ताई, मागच्या वेळी चुकलं माझं.” त्या काही बोलल्या नाहीत. पिशवी आत ठेवली, स्टुल पुढे केलं आणि चहा टाकला. साखर आम्हीच दिलेली होती, आणि त्यांनी ती माझ्या कपात सढळ हाताने घातली. मुलगा अभ्यास करत बसला होता. त्याचं नाव मी त्या दिवशी विचारलं.